आग्रहाने दिलेली जोडी

"बर्फ जवळून पाहिला आहेस का कधी?" असं ओड्वारने दारात उभं राहून विचारलं, आणि या प्रश्नाबद्दल फरामर्झने त्याला आजतागायत माफ केलेलं नाही.

विचारणारा कोणी पोरसवदा असता तर एक वेळ सोडून दिलं असतं. पण ओड्वार शेजारचा, सत्तरी गाठलेला, अंगाने दारभर, आणि सगळं आयुष्य स्कार्वदालच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला. भूगोल, लक्षात घ्या. नॉर्वेतल्या या खोऱ्यातल्या दोन पिढ्यांना जगाचा नकाशा या गृहस्थाने समजावून दिला होता, आणि त्या नकाशात इराणच्या जागी त्याने बहुतेक नुसता पिवळा खडू फासला असावा. बरं, फरामर्झ काही कालच गावात आला नव्हता. गेले कित्येक हिवाळे तो अंगणातला बर्फ स्वतःच्या फावड्याने उपसत होता, तेही ओड्वारच्या डोळ्यांदेखत. तो काय साबुदाणा समजून उपसत होता?

"रविवारी क्लबतर्फे नव्या लोकांना स्की शिकवणार आहोत," ओड्वार सांगत होता. "घाबरायचं काही कारण नाही. आधी पडायला शिकवतो, मग उठायला. तू आणि माहरुख, दोघंही या. गरम सूप आहे."

या 'तू'वरही फरामर्झचं जुनं दुखणं होतं. तेहरानात त्याला इमारतीच्या रखवालदारापासून सख्ख्या मेव्हण्यापर्यंत सगळे 'इंजिनियरसाहेब' म्हणत. इथे नगराध्यक्षापासून पोस्टमनपर्यंत सगळे एकमेकांना तू म्हणतात, आणि समोरच्या घरातली दुधाचे दात पडलेली मुलगीसुद्धा कुंपणावरून 'ए फरामर्झ' अशी हाक मारते. कुणाला राग नाही, लोभ नाही. फरामर्झ मात्र वडीलधाऱ्यांशी बोलताना छातीवर हात ठेवून, मान लववून, त्या भाषेत नसलेलं 'तुम्ही' स्वतःच्या अंगाने भरून काढत असे.

"मी शाळेत जायच्या आधीपासून स्की करतो," तो म्हणाला.

"हो का?" ओड्वारचा चेहरा खुलला. "वाळूवर?"

हा टोमणा असता तर उत्तर देता आलं असतं. फरामर्झची जीभ काही बोथट नाही. पण ओड्वार खरोखरच मायेने विचारत होता, आणि मायेने विचारणाऱ्या माणसाचं काय करायचं हे कुठल्याच देशात कोणी शिकवत नाही. तेहरान शहराच्या डोक्यावर जो डोंगर उभा आहे त्याच्या कमरेलाही तुमचा हा डोंगर लागणार नाही, हे वाक्य फरामर्झने गिळलं आणि तो म्हणाला, "आत या. तुम्हाला काहीतरी दाखवतो."

दाखवली ती दिवाणखान्याच्या भिंतीवरची लाकडी स्कीची जोडी. गडद मधासारखा रंग, चामड्याचे पट्टे, वर वळलेली टोकं, आणि दोन्ही फळ्यांवर वडिलांचं नाव कोरलेलं, इस्कंदर. तेहरानजवळच्या शेमशाकच्या डोंगरावर जेव्हा वर न्यायला यंत्र नव्हतं तेव्हा इस्कंदर ही जोडी खेचरावर लादून वर जायचे आणि खाली येताना सगळ्या तेहरानला मागे टाकायचे, असं निदान इस्कंदर सांगत. तेहरानच्या एका आर्मेनियन सुताराने ती खास त्यांच्यासाठी घडवली होती. त्यांच्या संसारातली दागिन्यांपेक्षा मोठी वस्तू हीच, आणि फरामर्झ देश सोडून निघाला तेव्हा म्हाताऱ्याने ती स्वतःच्या हाताने गुंडाळून दिली होती.

ओड्वार जोडीसमोर जाऊन उभा राहिला. मग त्याने विचारलं, "हात लावू?" लाकडावरून त्याने अंगठा फिरवला, टोकाचं वळण पारखलं, पट्टा हुंगला. "सुंदर आहे," तो म्हणाला. स्कार्वदालमध्ये हा शब्द लग्नातसुद्धा जपून वापरतात.

फरामर्झची छाती भरून आली. आणि भरल्या छातीने त्याच्या तोंडून जे बाहेर पडलं, ते त्याने ठरवून म्हटलेलं नव्हतं. त्याच्या आजाने म्हटलं होतं, बापाने म्हटलं होतं, आणि चाळीस वर्षं त्यानेही दिवसातून दहा वेळा म्हटलं होतं.

"तुमचीच आहे," तो म्हणाला. "घेऊन जा. तुमच्या लायकीची नाही खरं तर."

आता हे नीट समजून घ्यायला हवं, नाहीतर फरामर्झ वेडा वाटेल. इराणी माणसाच्या वस्तूचं कौतुक केलं की ती तुमचीच, असं त्याने म्हणायचं असतं. पाहुण्याने म्हणायचं, छे छे, ती तुमच्याकडेच शोभते. यजमानाने आणखी आग्रह करायचा, पाहुण्याने आणखी मागे सरायचं, आणि शेवटी वस्तू जागच्या जागी ठेवून दोघांनी खुशीत चहा प्यायचा. तेहरानात टॅक्सीवालासुद्धा 'राहू द्या हो, पैसे कसले' म्हणतो, आणि ते ऐकून कोणी उतरून चालू लागला तर टॅक्सीवाला मागे धावतो. आपल्याकडे निघालेल्या पाहुण्याला 'अहो, जेवूनच जा' म्हणतात. त्यातलाच प्रकार, फक्त जास्त रेशमी. यात खोटेपणा नाही, फसवणूक तर मुळीच नाही. दोन माणसं एकमेकांना दाखवतात की वस्तूपेक्षा तू मोठा. एवढंच.

ओड्वार वळला. "तू खरंच म्हणतोस?"

इथे कुठलाही शहाणा माणूस थांबला असता. पण फरामर्झच्या कानांना ही पाहुण्याची पहिली नकारघंटा वाटली, आणि पहिल्या नकारानंतर आग्रह कमी पडला तर सात पिढ्यांची अब्रू जाते. त्याने छातीवर हात ठेवला. "माझ्या गळ्याची शपथ. नाही घेतलीत तर मला वाईट वाटेल."

ओड्वारचे डोळे पाणावले. त्याने फरामर्झचा हात दोन्ही हातांत धरून हलवला, जोडी खिळ्यावरून अलगद काढली, काखोटीला मारली, मोज्यांवर बूट चढवले आणि तो गेला. बर्फातून जाताना त्याने एकदा मागे वळून जोडी उंच करून दाखवली.

त्याची बायको माहरुख चहाचं तबक घेऊन बाहेर आली तेव्हा फरामर्झ भिंतीकडे बघत उभा होता.

"ओड्वार गेला? आणि जोडी कुठाय?"

"त्याला आवडली."

"मलाही आवडते. कुठाय?"

फरामर्झने जे घडलं ते सांगितलं. माहरुखने तबक खाली ठेवलं. ती आबादानची, खजुराच्या झाडांखाली वाढलेली, आणि तिच्या माहेरी जे मनात तेच ओठांवर असतं.

"म्हणजे तू स्वतःच्या बापाला शेजाऱ्याच्या काखेत दिलंस."

"मी दिली नाही. मी म्हटलं."

"शपथ घातलीस ना?"

"शपथ नेहमी घालतात."

"ज्याला माहीत आहे त्याला घालतात, फरामर्झजान. तो बिचारा भूगोलाचा मास्तर. जा, आत्ताच्या आत्ता जा आणि परत माग."

परत माग. जणू काही वाटीभर साखर दिली होती. दिलेली वस्तू परत मागणाऱ्या माणसाची इराणात लग्नं मोडतात. फरामर्झने बायकोला एवढंच सांगितलं की मी उपाशी मरेन पण हे करणार नाही. माहरुख म्हणाली की उपाशी मरण्याचा इथे संबंधच येत नाही, भात तयार आहे.

शुक्रवारी तेहरानहून फोन आला. दर शुक्रवारी यायचा. इस्कंदर, म्हणजे बाबा, पडद्यावर नेहमी कपाळापासून वरचेच दिसत, कारण फोन कसा धरायचा ते त्यांना मान्य नव्हतं. तब्येत, हवा, डाळिंबांचा भाव झाल्यावर ते म्हणाले, "जोडी दाखव बघू."

"कॅमेरा जरा बिघडलाय, बाबा."

"तू तर दिसतोयस."

"जवळचं दिसतं. लांबचं दिसत नाही."

"बरं. खिळा पक्का आहे ना? जड आहे ती."

"खिळा एकदम पक्का आहे, बाबा," फरामर्झ म्हणाला, आणि यात तसूभरही खोटं नव्हतं. पलीकडच्या खुर्चीवरून माहरुख त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होती ती नजर त्याने फोन ठेवल्यावरही मागे न वळता ओळखली.

सल्ला घ्यायला फरामर्झ खोऱ्याच्या तोंडाशी राहणाऱ्या मनीझे खानुमकडे गेला. औषधांचं दुकान चालवणारी ही शिराझची विधवा आसपासच्या सगळ्या इराण्यांची मावशी होती, आणि सल्ला ही तिच्या दुकानातली एकमेव वस्तू अशी की जिला डॉक्टरची चिठ्ठी लागत नसे.

"यात काय अवघड आहे, इंजिनियरसाहेब?" ती म्हणाली. तिच्या तोंडचं 'इंजिनियरसाहेब' ऐकून फरामर्झचं निम्मं दुःख तिथेच हलकं झालं. "त्यांच्या घरी जा. गोड घेऊन जा. आणि जोडीचं असं कौतुक करा, असं कौतुक करा, की माणसाला ती देण्यावाचून गत्यंतर राहता कामा नये. ते म्हणतील, तुम्हीच ठेवा. तुम्ही दोनदा नाही म्हणा. फक्त दोनदाच हं."

योजना निर्दोष होती. फरामर्झ पिस्त्याची बर्फी घेऊन ओड्वारकडे गेला. जोडी कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती, नुकतंच तेल पाजलेली.

"काय सुंदर जोडी आहे ही," फरामर्झ म्हणाला.

"हो ना," ओड्वार म्हणाला.

"अशी जोडी माझ्या बघण्यात नाही."

"माझ्याही नाही."

"ज्याच्या घरी अशी जोडी असेल त्या माणसाचा मला हेवा वाटतो."

"खरं आहे," ओड्वार समाधानाने म्हणाला आणि त्याने बर्फीचा दुसरा तुकडा उचलला. "पण तुला सांगू, घरात ठेवणं मला स्वार्थीपणाचं वाटलं. रविवारी क्लबच्या खोलीत लावतोय. सगळ्यांना बघता येईल. तूही येशीलच."

त्या भेटीत ओड्वारने बर्फीचा डबा सोडून काहीही परत केलं नाही, आणि तोसुद्धा धुऊन दिला.

अशा रीतीने, बापाची जोडी निदान डोळ्यांनी बघावी म्हणून फरामर्झला नवशिक्यांच्या वर्गाला जावं लागलं. वर्गात तो, माहरुख, रुग्णालयातली एक फिलिपिनो परिचारिका आणि कमरेला दोरी बांधलेली अगदी लहान मुलं. शिकवायला क्लबची चिटणीस गुनहिल्ड, जिला कुठल्याही तापमानात टोपी लागत नाही.

आता फरामर्झची बाजूही ऐकली पाहिजे. तेहरानची स्की म्हणजे उतार. यंत्राच्या पाळण्यात बसून वर जायचं, काळा चष्मा लावायचा आणि खाली यायचं. वरती भाजलेल्या मक्याचा वास, खाली केबाबचा. नॉर्वेच्या या खोऱ्यात मात्र लोक बोटभर रुंदीच्या स्कीवर सपाटीवरून चालतात. टाच मोकळी. चढावरही चालतात. घरून सँडविच बांधून घेतात, चार डोंगर ओलांडून एका ओंडक्यावर बसतात, ते सँडविच आणि एक संत्रं खातात आणि परत येतात, आणि याला सुट्टी म्हणतात. फरामर्झचं म्हणणं असं की स्की खाली यायला असते. सपाटीवर चालायला देवाने पाय दिलेले आहेत आणि त्यांचं काही वाईट चाललेलं नव्हतं.

त्याचं हे म्हणणं चालू असतानाच तो पडला. उतारावर नव्हे, ओट्यासारख्या सपाट जागेवर, कोणी धक्का न देता. उठला आणि मागच्या मागे घसरत कुंपणापर्यंत गेला. दोरी बांधलेली एक मुलगी त्याच्या पुढ्यात येऊन थांबली, तिने त्याला नीट न्याहाळलं आणि ती म्हणाली, "आधी गुडघे वाकव, फरामर्झ."

"शाब्बास," गुनहिल्ड लांबून ओरडली. "छान पडलास."

आणि माहरुख? जिने लग्नापर्यंत बर्फ फक्त शीतपेटीत पाहिला होता, जिला ओड्वारचा तो प्रश्न खरोखर लागू होता आणि जिला त्याचा काडीमात्र राग आला नव्हता, ती माहरुख दुपारपर्यंत तळं ओलांडून पलीकडे गेली. तिथे क्लबच्या बायकांबरोबर रेनडियरच्या कातड्यावर उन्हात पाय पसरून बसली. थर्मासमधून तिने केशर घातलेला चहा पाजला आणि त्यांनी तिला कोणत्या थंडीत स्कीला कोणत्या रंगाचं मेण लावायचं ते शिकवलं. परत आली ती गाल लाल, केस विस्कटलेले, दहा वर्षांनी लहान होऊन. "अरे, काय मजा असते," ती म्हणाली. फरामर्झ तेव्हा सूप पीत होता आणि बसताना एकाच बाजूवर भार देत होता.

सुपाची खोली म्हणजेच क्लबची खोली. भिंतीवर गावातल्या पणज्या-आज्यांच्या लाकडी स्की ओळीने लावलेल्या, आणि त्यांच्या मधोमध बाबांची जोडी. खाली सुबक अक्षरात पाटी होती: 'वाळवंटातून आलेली स्की. आपल्या नवशिक्या सभासदाची भेट.'

फरामर्झने सूप खाली ठेवलं. माणूस पडतो, हरतो, बापाची वस्तू घालवून बसतो, तेही एक वेळ सहन होतं. पण वाळवंट. आणि वर नवशिक्या.

"ही पाटी काढा," तो गुनहिल्डला म्हणाला.

"का? अक्षर आवडलं नाही?"

"शेमशाकमध्ये वाळवंट नाही. तिथे मे महिन्यापर्यंत बर्फ असतो. तुमच्या इथे तो एप्रिलमध्येच वितळतो."

"असं होय," गुनहिल्ड मोकळेपणाने म्हणाली. "पण पाटी कार्यकारिणीने ठरवली आहे. मी एकटी बदलू शकत नाही. बैठकीला ये आणि सांग."

फरामर्झ बैठकीला गेला. कार्यकारिणीत पाच जण होते, ओड्वार अध्यक्ष. वाफल आणि कॉफी झाल्यावर त्यांनी त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं, कोणी मध्ये बोललं नाही, आणि हेच जास्त भयंकर होतं; तेहरानात एवढ्या वेळात तीन जणांनी टेबलावर हात आपटले असते आणि प्रश्न सुटला असता. मग प्रत्येक जण पाळीपाळीने बोलला. एकाला फरामर्झचं पटलं, एकाला वाटलं की वाळवंट हा शब्द मुलांना आवडतो. दोन्ही बाजूंचा मान राखून सर्वानुमते ठरलं की नवी पाटी अशी लावावी: 'वाळवंटाजवळच्या डोंगरातून आलेली स्की.'

"पण वाळवंट जवळ नाहीच आहे," फरामर्झ म्हणाला.

"तो मुद्दा पुढच्या बैठकीत घेऊ," गुनहिल्ड म्हणाली. आणि 'नवशिक्या'चं काय, तर वर्ग पूर्ण केला नसल्यामुळे तो शब्द तूर्त बरोबर होता.

घरी आल्यावर माहरुखने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे ज्याने जोडी नेली तो समोर बसला होता, सांग तुला काय हवंय म्हणत होता, आणि तू वाळवंटावरून भांडून आलास?"

"तो तत्त्वाचा प्रश्न होता."

"बाबाजानना सांग तत्त्वाचा प्रश्न. मागच्या शुक्रवारी मला एकटीला विचारत होते. पोरी, म्हणाले, हा मला भिंत का दाखवत नाही? जोडी मोडली का? मोडली असेल तर सांगा, मी रागावणार नाही. आणि आवाज कसा झाला होता त्यांचा, तुला सांगते."

फरामर्झला लाज वाटली. त्याला स्वच्छ दिसत होतं की जोडी परत भिंतीवर आली नाही तर या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे त्याला पुन्हा बघता येणार नाही, मग पडद्यावर फक्त कपाळ का दिसेना.

हिवाळा सरत आला तसा जुन्या स्कीचा दिवस आला. त्या दिवशी सगळं गाव आज्याची लोकरी विजार चढवून, आज्याची लाकडी स्की पायाला बांधून क्लबमागच्या उतारावर जमतं. उताराच्या मध्यावर बर्फाचा उंचवटा रचतात आणि ज्याच्या अंगात हिंमत असेल तो त्यावरून उडी मारतो. शेकोट्या पेटलेल्या होत्या, सॉसेज भाजली जात होती, ऊन असं पडलं होतं की माहरुखने कोट काढून फेकला होता. अशा दिवशी कोणालाही आनंद व्हावा, आणि फरामर्झलाही तो होण्याच्या बेतात होता. इतक्यात क्लबच्या खोलीतून ओड्वार बाहेर आला. लोकरी विजार, लाल मोजे, आणि पायांना बाबांची जोडी.

"मेण मीच लावलंय," तो अभिमानाने म्हणाला. "आज तुझ्या वडिलांच्या मानासाठी मी उडी मारणार. गेली कित्येक वर्षं मारली नव्हती."

फरामर्झने आधी ओड्वारकडे पाहिलं, त्याच्या पोटाकडे पाहिलं, उंचवट्याकडे पाहिलं आणि मग त्या पातळ, म्हाताऱ्या लाकडाकडे पाहिलं. ओड्वार चढू लागला. फरामर्झ भाड्याच्या स्कीवर त्याच्यामागे लागला, दोन पावलं वर, एक मागे.

"ओड्वार," तो धापा टाकत म्हणाला.

"काय रे?"

आता. आत्ता म्हणायचं. शब्द तयार होते, त्या भाषेत ते दोन-तीनच लागतात. "ओड्वार... जपून," फरामर्झ म्हणाला.

"काळजी करू नको," ओड्वार म्हणाला आणि चढत राहिला.

मागून माहरुख आली, चालावं तशी सहज, एका हातात फोन. "बाबाजान, ऐकू येतंय ना? हो, डोंगरावर आहोत. थांबा, फरामर्झला देते." आणि फोनवर तळवा ठेवून ती हळू आवाजात म्हणाली, "एक तर तू त्याला सांग, नाहीतर मी यांना सांगते. उडी मारायच्या आत ठरव."

"आज रविवार आहे," फरामर्झ हताश होऊन म्हणाला. "फोन शुक्रवारी असतो."

पण तळवा सरकला होता आणि पडद्यावर, यावेळी नेमका, बाबांचा अख्खा चेहरा होता. त्यांचे डोळे बारीक झाले. "तो लाल मोज्यांचा कोण? पोरा, त्याच्या पायांत काय आहे?"

फरामर्झ मध्ये यायला सरकला, पण उशीर झाला होता.

"माझी जोडी आहे ती. टोकावरून ओळखतो मी. मला त्या माणसाजवळ ने."

नेण्याची गरज पडली नाही. फोन बघून ओड्वार स्वतःच घसरत खाली आला, टोपी काढून वाकला आणि पडद्याला म्हणाला, "नमस्कार, इस्कंदर. तुझी जोडी फार सुंदर आहे."

फरामर्झने भाषांतर केलं. 'तुझी'चं त्याने तेवढं 'आपली' केलं. 'सुंदर' हा शब्द ऐकताच पडद्यावरचा म्हातारा ताठ बसला, त्याचा हात आपोआप छातीवर गेला, आणि फरामर्झला कळलं की आता काय होणार.

"त्यांना सांग," बाबा म्हणाले, "त्यांचीच आहे ती. त्यांच्या लायक नाही, पण माझी आठवण म्हणून ठेवून घ्यावी. नाही म्हणाले तर मला वाईट वाटेल."

हा रोग कुठून आला ते आता पुराव्यानिशी समोर होतं. फरामर्झने सुस्कारा सोडून भाषांतर केलं, शब्दन् शब्द, कारण बापाचं बोलणं बदलण्याइतका तो अजून बिघडला नव्हता.

ओड्वारने मात्र या वेळी हात हातात घेतला नाही. तो अस्वस्थ दिसला. "आज सकाळी मेण लावताना माहरुखने मला काहीतरी सांगितलं," तो म्हणाला. "की तुमच्याकडे देतो म्हणायची एक रीत आहे आणि ती वस्तू घ्यायची नसते. तेव्हा मी हसण्यावारी नेलं, पण आता तेच शब्द पुन्हा ऐकून माझं डोकं चालेनासं झालंय. परत दिली तर तुझा अपमान, ठेवली तर मी चोर. मी शाळेत काय शिकवलं कोण जाणे. फरामर्झ, मला सरळ सांग. तो खरंच देतोय का? आणि तू खरंच दिली होतीस का?"

फरामर्झने फोनकडे पाहिलं. त्याला एकाएकी जाणवलं की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याला माहीत आहे, पण पहिल्याचं नाही. उभ्या आयुष्यात त्याने बापाला हे कधी विचारलं नव्हतं, बापाने आज्याला विचारलं नव्हतं. त्यांच्या घरात माणसं द्यायची, घ्यायची, जेवायला थांबायची आणि मरायची, पण हा प्रश्न कोणी कोणाला केला नव्हता.

"बाबा," तो म्हणाला. "खरंच देताय, की उगीच म्हणताय?"

म्हातारा बघतच राहिला. बाबांचा हात छातीवरून हळूहळू खाली आला.

"उगीच म्हणतोय," ते म्हणाले. "माझी आहे ती. परत घे."

"नाही," फरामर्झ ओड्वारला म्हणाला. "त्यांनीही दिली नाही आणि मीही दिली नव्हती. मला ती परत हवी आहे."

"बरं," ओड्वार म्हणाला. तो तिथेच खाली बसला, त्याने पट्टे सोडले, जोडी विजारीला पुसली आणि उठून फरामर्झच्या हातात दिली. त्याच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता, उलट ओझं उतरावं तसा तो मोकळा झाला होता. बस्स, एवढंच. एवढ्यासाठी फरामर्झ सबंध हिवाळा पडला, झडला, बर्फी वाटली, बैठका केल्या, आणि या माणसाने 'बरं' म्हणावं? त्याला इतका संताप आला की जोडी त्याने दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरली.

"तो बर्फात गुडघाभर उभा आहे बिचारा," फोनमधून बाबा म्हणाले. "भला माणूस दिसतो. पोरा, त्याला जेवायला बोलाव. उगीच नको. खरंच बोलाव."

फरामर्झने ओड्वारकडे वळून सांगितलं, "आमच्याकडे जेवायला या. मनापासून सांगतोय."

"येतो की," ओड्वार म्हणाला. "आज संध्याकाळी चालेल?"

"काय म्हणाला?" बाबांनी विचारलं.

"येतो म्हणाला. आजच."

बाबांचा चेहरा पडद्याजवळ आला. "पहिल्या आमंत्रणाला? एकदाही नाही न म्हणता?"

"इथे तसंच असतं, बाबा," फरामर्झ जरा घुश्शातच म्हणाला. "एकदा विचारायचं, एकदा सांगायचं."

बाबा आपल्या जोडीकडे बघत होते.

"मग सोपं आहे की रे," ते म्हणाले.